घरातला हेवा आणि अंगातलं दुखणं



आपल्या बोलीत हेव्याचे बहुतेक शब्द अंगाशी जोडलेले आहेत. कुणाचं बरं झालं की कुणाच्या तरी पोटात दुखतं, डोळ्यात सलतं, अंगाची नुसती आग आग होते. आपल्या आयाबायांनी हे शब्द चेष्टेत वापरले असतील, पण दवाखान्यात आणि वस्तीत काम करताना आम्ही हे दुखणं खरोखर अंगावर उतरलेलं पाहिलं आहे. म्हणून या वेळी डेंग्यू-मलेरिया बाजूला ठेवून आरोग्याच्या पानावर हा विषय घेत आहोत. शेजारणीच्या पोटात दुखलं तर आपलं फारसं बिघडत नाही. एका दाराच्या आत राहणाऱ्या माणसांत ते सुरू झालं की घर आतून पोखरतं, आणि घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या तब्येतीवर ते आधी दिसतं.

ओपीडीत अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या बाया-पुरुषांची रांग असते. डोकं जड, छातीत धडधड, पित्त, रात्री दोनला जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही. रक्त तपासलं, ईसीजी काढला, सगळं ठीक. मग हळूच विचारलं, "घरात कोण कोण असतं?" तर आधी गप्प, आणि मग अर्धा तास तोंड थांबत नाही. धाकट्या जावेनं फ्रीज घेतला, दिराला गावची जमीन कसायला दिली, नणंदेच्या मुलाची फी सासूनं भरली आणि आमच्या पोराला वही आणायलाही पैसे नाहीत.

मनात कुणाविषयी सारखी खदखद असली की शरीर त्यालाही संकटच समजतं. मूत्रपिंडांच्या वर दोन लहान ग्रंथी असतात, त्या रक्तात अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल सोडतात. नाडी वाढते, बीपी चढतं, साखर वर जाते. साप दिसल्यावर हे घडलं तर उपयोगाचं आहे. साप गेला की सगळं जागेवर येतं. पण ज्याचा हेवा वाटतो तो माणूस सकाळ-संध्याकाळ समोरच बसलेला असतो, एकाच मोरीत आंघोळ करतो. मग शरीराला उसंत मिळत नाही. ज्याला आधीच बीपी किंवा शुगर आहे त्याचा आजार गोळ्या खाऊनही आटोक्यात राहत नाही. पुरुष मंडळी यावर औषध म्हणून बाटली जवळ करतात, त्यावर वेगळा लेख लागेल.

पण हेवा येतो कुठून? स्वभाव वाईट म्हणून, असं म्हणून आपण मोकळे होतो. आम्हाला ते पटत नाही. आमच्या वस्त्यांत हेवा बहुतेक वेळा तिथं जन्मतो, जिथं वस्तू एक असते आणि हात चार असतात.

सफाई खात्यातल्या घरांचं उदाहरण घ्या, कारण ते आपल्यातल्या अनेकांच्या ओळखीचं आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या एका वारसाला नोकरी मिळते. "एका" हा शब्द नीट वाचा. आम्ही एका वस्तीत असं घर जवळून पाहिलं. वडील झाडू खात्यात होते, नोकरीत असतानाच वारले. मागे आई, दोन मुलगे आणि सासरी दिलेली मुलगी. थोरल्यानं नववीतून शाळा सोडून रंगकाम धरलं होतं, बापाच्या आजारपणात रात्री दवाखान्यात तोच झोपायचा. धाकटा बारावी झाला होता. आईनं धाकट्याचं नाव दिलं, "थोरल्याच्या हातात कला आहे, तो उपाशी मरणार नाही" असं म्हणत. थोरल्यानं आणि बहिणीनं ना हरकत लिहून दिली. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही.

पहिल्या वर्षात धाकट्याच्या खोलीत टीव्ही आला, मग गाडी आली. थोरल्याच्या बायकोला पाण्याच्या नळावर चारचौघी विचारू लागल्या, "तुमच्या दिराची मजा आहे की हो बाई." दोघा भावांचं बोलणं बंद झालं. एका खोलीत मधे पत्रा आला. आणि पत्र्याच्या दोन्ही बाजूंना आई आली. तिला शुगर होती. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या संपल्या की बाहेरून आणाव्या लागायच्या. थोरला म्हणे, "नोकरी ज्याला दिली त्याच्याकडून गोळ्या घे." धाकटा म्हणे, "मी घर चालवतो, दादानं एवढं तरी करावं." दोघांचंही म्हणणं ऐकायला बरोबर वाटतं. आईनं तीन महिने गोळ्या खाल्ल्या नाहीत आणि कुणाला सांगितलंही नाही, कारण सांगितलं तर पुन्हा भांडण. पायाला चप्पल लागून जखम झाली, ती भरली नाही, काळी पडली. आमच्याकडे ती ड्रेसिंगला आली तेव्हा अंगठा वाचणार नव्हता.

त्या अंगठ्याला कारण शुगर, हे केसपेपरवर लिहिलं गेलं. दुसरं कारण लिहायला केसपेपरवर जागा नसते.

नंतर विहारात बैठक झाली. भावांना एकमेकांच्या गळ्यात पडायला लावायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. असल्या गळाभेटी आठवडाभर टिकतात. त्यापेक्षा एक कागद घेतला. आईची औषधं, तपासणी, रिक्षाभाडं, महिन्याला किती होतात ते लिहिलं. नोकरीवाल्यानं पैसे द्यायचे, तारीख ठरली. थोरल्यानं आईला दवाखान्यात न्यायचं, आणि त्या दिवसाचा बुडालेला रोज धाकट्यानं भरून द्यायचा. बहिणीनं पंधरा दिवसांनी येऊन पायाचे तळवे बघायचे. कागदावर तिघांच्या सह्या. भाऊ अजूनही फार बोलत नाहीत, पण आईच्या गोळ्या चुकत नाहीत.

असा कागद नोकरी मिळतानाच झाला असता तर? अनुकंपा नोकरीच्या कागदपत्रांत इतर वारसांची ना हरकत लागते आणि नोकरी घेणारा घरच्यांचा सांभाळ करण्याचं लिहून देतो. पण ते लिहून देणं फायलीत जातं. सांभाळ म्हणजे किती, कधी, कुणाच्या हातात, हे घरात कुणी विचारत नाही. विचारलं तर "पैशासाठी जीव टाकतो" असा शिक्का बसतो. आमचं उलट मत आहे. ज्या घरात हिशेब मोठ्यानं बोलला जातो, त्या घरात कुजबुज कमी असते.

घराच्या बाबतीतही हेच. मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात एका झोपडीला एकच घर मिळतं, आत किती चुली होत्या ते कुणी मोजत नाही. तेव्हा इमारतीची चर्चा सुरू झाली की आधी घरात बसून ठरवा: कोण राहील, कोण बाहेर पडेल, बाहेर पडणाऱ्याला काय मिळेल. आणि हेही माहीत असू द्या की 1956 चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली मालमत्ता, मृत्युपत्र केलेलं नसेल तर, पत्नी, मुलगे, मुली आणि वडिलांची आई हयात असेल तर ती, या सगळ्यांना सारखी जाते. लग्न झालेल्या मुलीलाही. बहिणीनं हक्क विचारला की तिला हावरी ठरवायची आणि भावानं सगळं घेतलं तर तो कर्ता, हा न्याय कुठल्या पुस्तकातला आहे ते आपण चांगलं ओळखतो. ते पुस्तक 1927 साली महाडला जाळलं गेलं.

आता स्वयंपाकघराकडे येऊ. इथला हेवा ताटात दिसतो. धाकटी सून गरोदर राहिली, थोरलीला मूल नाही किंवा दोन मुलीच आहेत. सासूनं धाकटीला दूध दिलं की थोरलीचा चेहरा उतरतो. मग थोरली जेवण वाढते तेव्हा वरणातलं वरचं पाणी धाकटीच्या वाटीत जातं. हे वाचून कुणाला अतिशयोक्ती वाटेल, पण आम्ही अशा वाट्या बघितल्या आहेत. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. गरोदरपणात हिमोग्लोबिन 11 च्या खाली गेलं तर तो रक्तक्षय, 7 च्या खाली गेलं तर बाळंतपणात जिवाला धोका. तिथं एक वाटी वरण ही लहान गोष्ट राहत नाही. सासूबाईंना आमची विनंती आहे की दूध द्याल तर दोघींना द्या. अर्धा-अर्धा कप दिला तरी चालेल. ते नाहीच परवडलं तर गरोदर सुनेचा आहार हा बाळाचा आहे, हे थोरलीला बाजूला बसवून, मानानं सांगा. मूल होत नाही म्हणून तिला टोचून बोलायचं आणि मग तिच्याकडूनच मोठ्या मनाची अपेक्षा करायची, हे कसं जमावं?

क्षयरोगाच्या घरातही असंच घडतं. टीबीच्या रुग्णाला उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी सरकारकडून महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात. आधी 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून वाढले. ते पैसे आले की घरात नजरा वळतात. "हा घरात बसून अंडी खातो आणि आम्ही राबतो." रुग्ण लाजेनं अंडं पोराच्या ताटात सरकवतो. काही जण तर "बरा झालो" असं म्हणून गोळ्याच सोडतात, कारण आजारी राहणं म्हणजे घरावर उपकार घेणं वाटू लागतं. गोळ्या मधेच सोडल्या की साधा टीबी औषधांना दाद न देणारा होऊ शकतो, आणि तो मग घरातल्या हेवा करणाऱ्यालाही सोडत नाही. अंडं रुग्णाचं आहे. ते औषध म्हणून बघा.

बाबासाहेबांनी जातीव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं. प्रत्येकाच्या वर कुणीतरी आणि प्रत्येकाच्या खाली कुणीतरी, त्यामुळे सगळे मिळून वरच्याला जाब विचारत नाहीत, खालच्याला दाबण्यात समाधान मानतात. आम्हाला वाटतं, घरातही आपण अशीच उतरंड रचतो. पगारवाला वर, रोजंदारीवाला खाली. मुलग्याची आई वर, मुलीची आई खाली. इंग्रजी शाळेतलं पोर वर, पालिकेच्या शाळेतलं खाली. मग एका खोलीतली माणसं एकमेकांच्या पायरीकडे बघत बसतात, आणि खोलीत हवा का नाही, नळाला पाणी का नाही, दवाखान्यात औषध का नाही हे विचारायला कुणी उरत नाही.

परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेबांचा संसार दोन खोल्यांत होता. थोरले बंधू आनंदराव वारले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा मुकुंद यांची जबाबदारी बाबासाहेबांनी घेतली. रमाई आणि लक्ष्मीबाई, दोघी जावा, एका संसारात राहिल्या. दोन खोल्या, दोन जावा आणि पैशांची ओढाताण, हे चित्र आपल्या कुठल्याही वस्तीतलं आहे. आपण रमाईंच्या शेणाच्या गोवऱ्यांबद्दल पुष्कळ बोलतो. विधवा जावेबरोबर त्यांनी जो संसार चालवला, त्याबद्दलही जयंतीच्या भाषणांत बोललं गेलं पाहिजे.

वाटा स्पष्ट केला की सगळा हेवा निघून जातो, असं मात्र नाही. देवदत्त हा तथागतांचा चुलतभाऊ. तथागतांनी तर राज्य, घर, सगळं सोडलेलं. वाटून घ्यायला काही उरलंच नव्हतं. तरी देवदत्ताला त्यांचा मान सहन झाला नाही. त्यानं संघ फोडायचा प्रयत्न केला, त्यांच्या अंगावर शिळा लोटली, असं बौद्ध वाङ्मय सांगतं. असा हेवा कागदानं मिटत नाही, तिथं मनावरच काम करावं लागतं. धम्मात त्यासाठी मुदिता सांगितली आहे: दुसऱ्याचं चांगलं झालेलं पाहून मनापासून आनंदणं. विहारात आपण मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा एका दमात म्हणून टाकतो. पण मुदिता हा रियाज आहे. त्याची सुरुवात जावेपासून करू नका, जमणार नाही आणि वैताग येईल. परंपरेतही क्रम असा आहे की आधी जिवलग माणूस, मग ज्याच्याशी देणंघेणं नाही असा, आणि वैरी सगळ्यांत शेवटी. झोपण्याआधी पाच मिनिटं, मैत्रिणीच्या मुलीला नोकरी लागली ते आठवा आणि तिचा हसरा चेहरा डोळ्यांपुढे धरा. महिन्याभरानं नळावरच्या बाईपर्यंत या. जावेला वेळ लागू द्या.

हेव्याला आणखी एक फाटा फुटतो, तो करणीचा. पोर सारखं आजारी पडतं, गर्भ राहत नाही, नवऱ्याचा धंदा बसला, की "तिची नजर लागली", "तिनं काहीतरी केलं." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि उंबऱ्यावर लिंबू-मिरची, अशी घरं आम्ही पाहतो. तसं बघून राग येतो, पण रागावून उपयोग नाही, कारण त्या पोराचा ताप खरा असतो. त्याला आधी दवाखान्यात न्या, कारण कळलं की करणी आपोआप गळते. आणि कायदा लक्षात ठेवा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असं जाहीर करून तिचं जगणं मुश्कील करणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. देवऋषी तर अडकतोच, आरोप करणारी घरची माणसंही अडकतात.

कधी कधी हेवा वाटतो तो हेवा नसतोच, आजार असतो. "वहिनी माझ्या जेवणात काहीतरी टाकते" असं म्हणून कुणी आठवडे जेवत नाही, कानात आवाज येतात म्हणतो, रात्र रात्र येरझाऱ्या घालतो. कुणी बायकोवर इतका संशय घेतो की कामावरून उशीर झाला तर कपडे तपासतो. दारूच्या व्यसनात हे विशेष दिसतं. इथं समजूत घालून काही होत नाही. मानसोपचार तज्ज्ञाच्या औषधांनी माणूस सुधारतो. जिल्हा रुग्णालयात हा विभाग असतो. टेली मानस या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर दिवसरात्र चालतो, मराठीतही बोलता येतं, पैसे पडत नाहीत. जिथं मारहाण आहे तिथं महिलांसाठी 181 आणि कोणत्याही संकटात 112.

मुलांबद्दल एक बोलायचं राहिलं. दुसरं बाळ आलं की पहिलं पोर पुन्हा अंथरुणात शू करतं, बाळाला चिमटे काढतं. ते वाईट पोर नाही, घाबरलेलं आहे. दिवसातून थोडा वेळ त्याच्या एकट्यासाठी काढला, बाळाचं काही काम त्याच्या हाती दिलं, तर बरेचदा हे निवतं. पण आम्हीच मोठेपणी त्याला पुन्हा चिमटे काढायला शिकवतो: "बघ, काकांच्या पोराला किती मार्क पडले." दहावी-बारावीच्या निकालानंतर वस्तीत गुणगौरव सोहळे होतात, ते व्हावेतच. पण त्याच मंडपात नापास झालेलं चुलतभावंड टाळ्या वाजवत बसलेलं असतं आणि घरी गेल्यावर त्याला काय ऐकावं लागतं ते त्या रात्री कुणी बघत नाही. पुरवणी परीक्षेचे फॉर्म भरायचं टेबल त्याच मंडपात मांडता येणार नाही का?

कारण वस्तीतली विषप्राशनं आम्ही जी पाहिली, त्यात निकालाचे दिवस आहेत आणि भाऊबंदकीच्या भांडणांचे दिवसही आहेत. म्हणून हे घरातल्या प्रत्येकानं वाचावं. कुणी काही प्यायलं किंवा खाल्लं असं कळलं, तर मीठ-पाणी पाजून, बोटं घालून उलटी करायला लावू नका. फिनेल, अॅसिड, रॉकेल परत वर येताना घसा आणि फुप्फुस जाळतं. 108 ला फोन करा. बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा. कीटकनाशक अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून अंग पाण्यानं धुवा. उंदीर मारायच्या पेस्टबद्दल विशेष सावध राहा. तीतल्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. ती खाल्लेला माणूस पहिला एक-दोन दिवस बरा दिसतो, हसतो, जेवतो, घरचे म्हणतात नाटक केलं. मग काविळीसारखं होतं आणि यकृत निकामी होतं. बरा दिसला तरी लगेच मोठ्या रुग्णालयात न्या.

भाजलेल्या माणसावर नळाचं साधं पाणी वीस मिनिटं सोडा. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. अंग सुजण्याआधी बांगड्या, अंगठ्या काढून घ्या, स्वच्छ कापडानं झाका.

आणि दवाखान्यात खरं सांगा. घराची अब्रू जाईल म्हणून "चुकून प्यायली", "स्टोव्हचा भडका झाला" असं सांगितलं जातं आणि उपचारात उशीर होतो. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब घेतला जाईल, ती नेहमीची पद्धत आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावात होता असंच धरलं जातं, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या 309 कलमासारखा आत्महत्येच्या प्रयत्नाचा गुन्हा ठेवलेला नाही. तेव्हा घाबरून लपवू नका. काय प्यायलं, किती वाजता, किती, एवढं डॉक्टरांना सांगा, आणि निघताना ती बाटली किंवा पेस्टचं खोकं पिशवीत टाकून बरोबर न्या.